सुदाचा पैसा की बुडालेली बँक? १९१३ ची एक गोष्ट

काशीदला माझ्या खालाचं घर आहे. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळानं डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र सुरू होतो. मुंबई-पुण्याच्या लोकांना काशीद म्हणजे पांढरी वाळू, सुरूची झाडं आणि शनिवार-रविवारची गर्दी. आम्हाला ते खालाचं गाव. या गर्दीमुळंच तिथल्या जमिनीला भाव आला आणि मागल्या वर्षी खालानं रस्त्याकडेची वाडी विकली. कागद झाले, पैसे आले, आणि घरात नवीनच प्रश्न उभा राहिला. हे पैसे ठेवायचे कुठं?

सल्ला द्यायला माणसं कमी नव्हती. तिचा मुलगा म्हणाला, सरकारी बँकेत मुदत ठेव कर. शेजारच्या एकानं एका पतसंस्थेचं नाव सांगितलं, तिथं व्याज दीड-दोन टक्के जास्त मिळतं म्हणे. आखातात नोकरी करणाऱ्या एका नातेवाइकानं फोनवरून तिसरीच वाट दाखवली. एक कंपनी आहे, व्याज देत नाही, दर महिन्याला 'नफा' देते, सगळं हलाल आहे. मी इतिहासावर लिहितो म्हणून मला सगळंच ठाऊक असतं, असा घरातल्यांचा समज आहे. त्यामुळं शेवटी प्रश्न माझ्याकडं आला.

खाला मात्र कुणाचंच ऐकायला तयार नव्हती. ती म्हणाली, "बेटा, आमच्या दादांचे पैसे बँकेतच गेले. सुदाचा पैसा होता, पाण्यात गेला."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. खालाचे आजोबा, म्हणजे माझे परनाना, मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर सारंग होते. महिनोन् महिने दर्यावर असायचे. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी सफरींची कमाई मुंबईतल्या एका बँकेत ठेवली. एका सफरीहून परत आले तर बँकेच्या दाराला कुलूप. कुठली बँक, किती पैसे, पुढं काही मिळालं का, यातलं काहीही घरात कुणाला माहीत नाही. कागद उरलेला नाही. उरलं ते एवढंच, की हे 'मोठ्या लढाईच्या आदल्या साली' झालं, आणि त्यानंतर परनानांनी आयुष्यात बँकेची पायरी चढली नाही. राहिलेल्या पैशांतून एका मचव्यात भागी घेतली, आणि पुढं जे काही शिलकीत पडलं ते बायकांच्या अंगावर सोनं म्हणून गेलं.

मोठी लढाई म्हणजे १९१४ चं महायुद्ध. त्याच्या आदलं साल १९१३. हिंदुस्थानातल्या बँकांच्या इतिहासात याहून वाईट साल क्वचितच सापडेल. घरच्या गोष्टीत तारीख इतकी नेमकी जुळावी याचं मला नवल वाटलं, आणि मग मी त्या सालाच्या मागं लागलो.

आधी थोडं मागं जावं लागेल. १९०५ ला बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट आली. आपल्याला स्वदेशी म्हटलं की परदेशी कापडाच्या होळ्या आठवतात. पण त्या लाटेवर बँकाही आल्या. तोवर मोठा बँकव्यवहार गोऱ्यांच्या हातात होता. बंगाल, मुंबई आणि मद्रास इथं तीन प्रेसिडेन्सी बँका होत्या, आणि परदेशी व्यापाराला पैसा पुरवणाऱ्या विलायती एक्स्चेंज बँका होत्या. हिंदी व्यापाऱ्याला तिथं कर्ज मिळवताना नाकी नऊ येत. त्यात ऑक्टोबर १९०६ मध्ये मद्रासची आर्बथनॉट ही जुनी, नावाजलेली इंग्रज पेढी कोसळली आणि हजारो हिंदी ठेवीदार देशोधडीला लागले. साहेबाची पेढीही बुडते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. मग आपलीच बँक का नको, हा विचार सगळीकडं बळावला.

या काळात निघालेल्या काही बँका आजही आपल्या ओळखीच्या आहेत. बँक ऑफ इंडिया १९०६ ची, इंडियन बँक १९०७ ची, बँक ऑफ बडोदा १९०८ ची, सोराबजी पोचखानवाला यांची सेंट्रल बँक १९११ ची. यात एक नाव मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडं ते फारसं कुणी सांगत नाही. उडुपीचे व्यापारी हाजी अब्दुल्ला हाजी कासिम यांनी मार्च १९०६ मध्ये तिथं एक बँक काढली. भांडवल पाच हजार रुपये. पहिल्या दिवसअखेर गल्ल्यात जमले अडतीस रुपये, तेरा आणे, दोन पै. पुढं हीच कॉर्पोरेशन बँक झाली आणि २०२० मध्ये युनियन बँकेत विलीन होईपर्यंत चालली. मुसलमान आणि बँक यांचं कधी जमलंच नाही असं म्हणणाऱ्यांना, मग ते आपल्यातले असोत की बाहेरचे, हाजीसाहेबांचं उदाहरण जरूर द्यावं.

पण चांगल्या बँकांबरोबर पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या पुष्कळ दुसऱ्याही उगवल्या. त्या वेळी बँक काढायला वेगळा कायदाच नव्हता. कापडाची कंपनी नोंदवावी तशी बँक नोंदवता येई. भांडवल किती हवं, ठेवींतला किती पैसा रोख हाताशी ठेवायला हवा, संचालकांनी स्वतःच्याच धंद्याला किती कर्ज द्यावं, कशालाच धरबंध नव्हता. वर हात ठेवायला रिझर्व्ह बँक नव्हती. ती आली १९३५ मध्ये.

पाटीवरचं आणि तिजोरीतलं भांडवल यांतला फरक इथं समजून घ्यायला हवा, कारण परनानांसारखा माणूस फसायचा तो याच जागी. बँक सरकारदरबारी जेवढ्या रकमेचे भाग काढण्याची परवानगी घेते ते अधिकृत भांडवल. भागधारकांनी प्रत्यक्ष मोजलेले पैसे ते वसूल भांडवल. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं जाई ते पहिलं, आणि बँक तगून राहायची ती दुसऱ्याच्या जोरावर. १९१३ मध्ये १२ बँका बुडाल्या. त्यांचं अधिकृत भांडवल होतं २ कोटी ७४ लाख, आणि वसूल झालेलं ३५ लाख. पुढच्या साली ४२ बुडाल्या. अधिकृत ७ कोटी १० लाख, वसूल १ कोटी ९ लाख. म्हणजे पाटीवर सात-आठ रुपये लिहिले असतील तर आत एक होता. बाकी सगळा पैसा ठेवीदारांचा.

ठेवी आणायच्या तर व्याज जास्त द्यायला हवं. जास्त व्याज द्यायचं तर तो पैसा जास्त जोखमीच्या धंद्यात घालायला हवा. लोकांच्या ठेवी सहा महिन्यांच्या, वर्षाच्या, काही तर मागताक्षणी परत देण्याच्या. कर्जं मात्र गिरण्यांना, कारखान्यांना, जमिनीवर, वर्षानुवर्षं अडकून पडणारी. सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर हे कळत नाही. एके दिवशी शंभर माणसं एकदम दारात येऊन उभी राहतात, तेव्हा कळतं. जॉन मेनार्ड केन्स हा पुढं जगप्रसिद्ध झालेला अर्थशास्त्रज्ञ तेव्हा तरुण होता आणि त्याचा हिंदुस्थानच्या चलनाचा अभ्यास होता. त्यानं १९१३ मध्येच, बँका पडायच्या काही महिने आधी, आपल्या पुस्तकात या लहान बँकांबद्दल इशारा देऊन ठेवला होता. यांच्या हाताशी रोकड फार थोडी आहे, वाईट दिवस आले तर या एकामागून एक आडव्या होतील, असा त्याचा सूर होता.

वाईट दिवस त्याच वर्षी आले. बाल्कन युद्धांमुळं जगभर पैशाची चणचण होतीच. सप्टेंबरच्या २० तारखेला लाहोरची पीपल्स बँक बंद पडली. लाला हरकिशन लाल यांची ही बँक १९०१ ची, पंजाबात जागोजाग शाखा असलेली, स्वदेशी उद्योगांना पैसा पुरवणारी. तिथून भीती रेल्वेनं मुंबईला आली. क्रेडिट बँक ऑफ इंडिया बसली. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सगळ्यात मोठा धक्का बसला, इंडियन स्पेसी बँकेनं दारं बंद केली.

स्पेसी बँकेची कथा चित्रपटात शोभेल अशी आहे. १९०६ ला स्थापन झालेली ही मुंबईची बँक, कर्ताधर्ता चुनीलाल सरैया. बँकेचा पैसा चांदीत आणि मोत्यांत गुंतला होता. मुंबई तेव्हा इराणी आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ होती. चांदीचा हिशोब असा होता, की सरकारला रुपयाची नाणी पाडायला चांदी लागणारच. आधीच भरपूर साठा करून ठेवला की सरकार आपल्याच दारात येईल आणि मागू तो भाव देईल. पण सरकार आलं नाही. १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसनं सॅम्युएल मॉन्टेग्यू या पेढीमार्फत गुपचूप चांदी खरेदी केली, आणि सटोडिये साठ्यासकट वाऱ्यावर राहिले. (या गुप्त खरेदीचा विलायतेतही गाजावाजा झाला. त्या पेढीतले एक भागीदार पार्लमेंटचे सभासद होते, सरकारी सौदा केल्यामुळं त्यांना जागा सोडून पुन्हा निवडून यावं लागलं. आपल्याकडं तेवढंही कुणाला करावं लागलं नाही.) बँकेचं नुकसान हिशोबात लपवलं जात राहिलं, भागधारकांना लाभांश मिळत राहिला. बँक बंद पडली आणि थोड्याच दिवसांत सरैया वारले.

स्पेसी पडल्यावर सेंट्रल बँकेसमोरही रांगा लागल्या. ती टिकली. पोचखानवालांनी मागेल त्याला पैसे दिले आणि दार बंद होऊ दिलं नाही. म्हणून स्वदेशी असणं हा दोष नव्हता, हेही सांगायला हवं. तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना, हिंदी माणसाला बँक चालवता येत नाही, असं म्हणायची संधीच मिळाली होती. आर्बथनॉटला सात वर्षंच झाली होती, पण ते सोयीनं विसरलं गेलं.

१९१३ ते १९१७ या पाच वर्षांत हिंदुस्थानात एकूण ८७ बँका बुडाल्या. त्यांतल्या बहुतेकांची नावंही आज कुणाला माहीत नाहीत. परनानांची बँक त्यांतलीच एखादी असणार.

काशीदहून हे सगळं कसं दिसलं असेल? काशीद तेव्हा इंग्रजी मुलखात नव्हतंच. ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात, नवाब सिद्दी अहमद खान यांच्या अमलाखाली. साळावचा पूल नाही, मुंबईला जायचं ते समुद्रानं. पावसाळ्यात बोटी बंद, नारळी पौर्णिमेनंतर दर्या मोकळा व्हायचा आणि माणसांबरोबर बातम्याही यायच्या. त्या साली बोटी सुरू झाल्या आणि पाठोपाठ बँका पडू लागल्या. बँक बुडाली की दावा मुंबईत, लिक्विडेटर मुंबईत, कागद इंग्रजीत. संस्थानातल्या एका गावचा, सही करता येते की नाही अशी परिस्थिती असलेला सारंग तिथं कुणाला गाठणार? रुपयामागं काही आणे वर्षा-दोन वर्षांनी वाटले गेले असतील, तर ते घ्यायला तो किनाऱ्यावर असायला हवा. तो असेल एडनला किंवा लंडनच्या गोदीत.

जुन्या सराफी पेढीत निदान माणूस समोर असे. दिवाळं निघालं की सराफानं दुकानासमोर भरदिवसा दिवा लावायचा, अशी चाल होती म्हणतात. 'दिवाळं' हा शब्दच त्यावरून आला असं सांगतात. गावात ते सगळ्यांना दिसे. बँकेच्या दाराला फक्त कुलूप होतं, आणि कुलपामागचा माणूस कोण हे ठेवीदाराला ठाऊक नव्हतं.

आता खालाच्या वाक्याकडं येतो. सुदाचा पैसा, पाण्यात गेला.

व्याज घेणं आपल्या दीनमध्ये निषिद्ध आहे, यावर मला वाद घालायचा नाही. मी आलिम नाही. पण त्या काळातला मुसलमान बँकेकडं डोळे मिटून गेला असंही नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमध्ये पोस्टाची बचत बँक निघाली तेव्हा हजारो ठेवीदारांनी पैसे ठेवले आणि व्याज मात्र नाकारलं. प्रश्न तिथले मुफ्ती शेख मुहम्मद अब्दुह यांच्यापर्यंत गेला. हिंदुस्थानातही या विषयावर फतवे निघाले, आणि ते सगळे एकाच बाजूचे नव्हते. बँकेत सोडलेलं व्याज मिशनऱ्यांच्या कामाला जातं, त्यापेक्षा ते उचला आणि सवाबाची नियत न ठेवता गरिबांना द्या, असंही काही उलेमांनी सांगितलं.

परनानांनी व्याज घेतलं होतं का? घरात कुणाला माहीत नाही. मी खालाला तेच विचारलं. "दादा पाच वक्तचे नमाजी होते ना? मग त्यांनी सूद घेतला हे तुला कुणी सांगितलं?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सगळे तसंच म्हणायचे."

मला यातलं हेच सगळ्यात जास्त टोचतं. समजा, त्यांनी एक पैसाही व्याज घेतलं नसेल. तरी बँक बुडाल्यावर ते उभे राहिले असते त्याच रांगेत, व्याज घेणाऱ्याच्या मागं किंवा पुढं. मुद्दल दोघांचंही गेलं. चांदीवर सट्टा लावणारा वेगळाच होता, खोटे ताळेबंद छापणारा वेगळा, आणि कायदा न करणारं सरकार आणखी वेगळं. पण गावानं दोष ठेवला तो दर्यावर आयुष्य घालवलेल्या एका सारंगावर. त्याचं चुकलं म्हणून अल्लाहनं शिक्षा केली, असं म्हटलं की पुढं कुणाला काही विचारायची गरजच उरत नाही. शंभर वर्षं आमच्या घरानं काही विचारलं नाही. उलट बँकेपासून लांब राहिलो आणि त्याला परहेजगारी समजलो. दागिने सावकाराकडं गहाण पडले, तिथं सूद दिला गेलाच, पण तो कुणी मोजला नाही.

मग त्या आखातातल्या नातेवाइकाच्या 'हलाल' कंपनीचं काय? खालाला मी बेंगळुरूच्या आयएमएची गोष्ट सांगितली. व्याज नाही, नफ्यातला वाटा, असं सांगून या कंपनीनं हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे गोळा केले. लग्नाचे, हजचे, विधवांचे. जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख देश सोडून पळाला, पुढच्या महिन्यात परतल्यावर अटक झाली. १९१३ मध्ये लोक 'स्वदेशी' हा शब्द वाचून पैसे देत होते, २०१९ मध्ये 'हलाल' हा शब्द ऐकून दिले. ताळेबंद कुणी पाहिला नाही. आपल्या माणसाचा ताळेबंद मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं आपल्याला अजूनही वाटतं. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सूरह बकरहमध्ये इतक्या तपशिलानं सांगितलेलं असताना!

पतसंस्थेबद्दल बोलणं त्याहून अवघड होतं, कारण ती सुचवणारा शेजारी समोरच बसला होता. तरी सांगितलं. बँक बुडाली तर आज एका माणसाला एका बँकेमागं पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. हा विमाही कुणी सहज दिलेला नाही. १९६० मध्ये केरळची पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून तो सुरू झाला, तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९३ पासून एक लाख होती. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आले, आणि २०२० मध्ये पाच लाख झाली. आमच्या रायगडात पेण अर्बन बँकेचे ठेवीदार २०१० पासून किती वर्षं मोर्चे काढत राहिले, ते त्या शेजाऱ्यालाही ठाऊक होतं. तो काही बोलला नाही.

खालाचा निर्णय व्हायला आणखी तीन आठवडे गेले. शेवटी पैसे तीन बँकांत विभागून ठेवले, प्रत्येकीत पाच लाखांच्या आत. जे उरले त्यातून तिनं घराचं छप्पर बदललं आणि हजसाठी नाव नोंदवलं. व्याजाचा हिशोब नातीनं वेगळ्या वहीत लिहायचा आणि ते पैसे गावातल्या गरजूंना द्यायचे, ही अट तिनं स्वतः घातली. मी काही बोललो नाही, तो तिचा आणि तिच्या रबचा मामला.

निघताना ती अंगणापर्यंत आली. म्हणाली, "दादांनी सूद घेतला नसेल असं वाटतं तुला?"

म्हटलं, "मला माहीत नाही, खाला. कुणालाच माहीत नाही."

"मग या जुमेरातीला त्यांच्या नावानं फातिहा देते," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळ्यांच्या नावानं दिला, त्यांच्या नावानं वेगळा कधी दिला नाही."